कोळ्यांना अहो म्हणणाऱ्या बाई

बाई माणसांना अरे-तुरे करायच्या आणि कोळ्यांना अहो-जाहो.

केजच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. प्राचार्य त्यांच्याहून वयानं लहान, त्यामुळे तेही सुटले नव्हते. भर स्टाफरूममध्ये बाई विचारायच्या, "अरे, प्रयोगशाळेचा पंखा कधी दुरुस्त करणार आहेस तू?" आणि प्राचार्य चहाचा कप खाली ठेवून "बघतो बाई" म्हणायचे. प्रयोगशाळेच्या खिडकीत मात्र एखाद्या कोळ्यानं जाळं केलेलं असलं की बाईंचा आवाज पाहुण्यांशी बोलल्यासारखा मऊ व्हायचा. "अहो, जरा सरकता का? खिडकी उघडायचीय." मग त्या खरोखर थांबायच्या. तो सरकला नाही तर खिडकी उघडायची नाही. एप्रिलच्या उन्हात आम्ही घामानं निथळत बसायचो, वह्यांची पानं मनगटाला चिकटायची. "जातील त्यांच्या सवडीनं," बाई म्हणायच्या. "तुला काय एवढी घाई आहे?"

उंच, काटकुळ्या होत्या. सुती साडी कमरेला खोचलेली आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. केस पांढरे, वेणी आखूड, आणि तिच्यात बऱ्याचदा एखादी काडी अडकलेली असायची. हातात काळी छत्री बारा महिने. पण ती ऊन-पावसात डोक्यावर धरलेली मी कधी पाहिली नाही. ती त्या उलटी धरायच्या, झुडपाच्या खाली, आणि काठीनं वरून फांदी झटकायच्या. छत्रीत टपटप जे पडेल त्यात त्या डोकं घालायच्या. रस्त्यानं जाणाऱ्या जीपमधले लोक मान वळवून बघत राहायचे.

त्या मूळच्या पुण्याच्या. नोकरीसाठी केजला आल्या आणि राहिल्या. लग्न का केलं नाही याबद्दल गावात पुष्कळ गोष्टी होत्या, त्यातली एकही मला खरी वाटत नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, वेळच आली नाही तशी. आधी परीक्षा होत्या, मग इकडं आले." जणू बस चुकली होती.

मी त्यांच्या नजरेत आले ती एका काडेपेटीमुळे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रात्यक्षिकाच्या वेळी त्यांनी माझ्यासमोर काडेपेटी ठेवली, आतला कोळी भिंगाखाली सरकवला आणि म्हणाल्या, "डोळे मोज."

मी मोजले. आठ होते.

"ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. बसलेत कसे?"

मी पुन्हा बघितलं. खाली बारीक चार डोळे एका ओळीत, त्यांच्यावर दोन मोठे, आणि पार मागं आणखी दोन. मी तसं सांगितलं. बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"कोळ्याचं घराणं असं ओळखायचं. डोळ्यांच्या मांडणीवरून. तू कुठली गं?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "म्हणजे त्या डोंगराच्या पायथ्याची? उत्तर अंगाची?"

"व्हय... हो."

"मग आजवर होतीस कुठं?" त्या रागानंच म्हणाल्या, मी फार उशीर केल्यासारखं.

आमच्या डोंगराला दोन अंगं आहेत. दक्षिणेकडचं अंग बोडकं. दिवसभर ऊन, शेरडं, मुरूम काढून काढून पडलेले खड्डे. उत्तरेकडं मात्र ऊन तिरपं येतं, म्हणून थोडी ओल टिकते आणि तिच्या जिवावर रान टिकलंय. सालई, धावडा, खाली सीताफळाची आणि बोरीची दाटी. गावाला ते सरपणासाठी आणि गवतासाठी ठाऊक. बाई म्हणायच्या, या रानात किती जातीचे कोळी आहेत हे आजवर कुणी मोजलेलंच नाही. "इथं वाघ नाही म्हणून कुणी फिरकत नाही. पण रिकामं आहे का ते? भरलेलं घर आहे, आणि कुणी साधी माणसं मोजली नाहीत!"

मला तेव्हा त्यांच्या बोलण्याचं हसू यायचं. आता हे सगळं आठवताना हसू येतं आणि ते मध्येच थांबतं.

माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गाव अर्धं रिकामं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत चूल, भांडी, कोंबड्या, लेकरं, आणि वर मायचा हात हलताना दिसायचा. तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत मी तात्याकडं, म्हणजे धाकट्या चुलत्याकडं राहायचे. तात्या आणि काकूला मूल नव्हतं. काकूला मीच काय ती होते, आणि तीही हंगामापुरती.

पदवी झाली त्या वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं लग्न काढलं. मुलगाही तोडीलाच जायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकट्याला मुकादम घेत नाही. सगळं सरळ होतं. मी बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि म्हणाल्या, "हिचं बूच सैल आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची स्कूटी आमच्या अंगणात. हातात नारळ, मायसाठी साडी आणि एक पेढ्याचा पुडा. अण्णा गडबडून घोंगडी अंथरायला लागले.

"मुलगी मागायला आलेय," बाई म्हणाल्या.

अण्णांनी इकडं-तिकडं बघितलं. "कुनासाठी, बाई?"

"माझ्यासाठी. रानातले कोळी मोजायचे आहेत. दोन वर्षं लागतील. एकटीनं होणार नाही. राहील माझ्याकडं, पुढचं शिकेल, नंतर तुझी तू घेऊन जा."

"पर बाई, लगीन..."

"ते पळून चाललंय का?"

अण्णांनी नारळ हातात फिरवला. मग म्हणाले, "बाई, तुमाला लेक न्हाई का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मागतेय."

माय आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, साडी उचलून कपाळाला लावली आणि आत गेली. अण्णांना विचारलंसुद्धा नाही. माझं पुढचं आयुष्य त्या अंगणात ठरलं.

मग आमची मोजणी सुरू झाली. पावसाळा सरता सरता कोळी भरात येतात, म्हणजे नेमकं गाव तोडीला निघतं तेव्हा. आम्ही रानात सुतळीनं चौकोन आखले, सालईच्या खोडांना रंगीत चिंध्या बांधल्या. ठरलेल्या वारी एकेका चौकोनात शिरायचं. झुडपं छत्रीत झटकायची, पालापाचोळा चाळणीनं चाळायचा, दगड उलटून पुन्हा होता तसा ठेवायचा. दगड वाकडा बसला तर बाई ओरडायच्या. "कुणाचं छप्पर उचलून तिरकं ठेवशील का?"

त्यांच्यामुळे मला माझंच रान नव्यानं दिसलं. सालीच्या रंगाचा एक कोळी, खोडाला चिकटून बसलेला, बोटभर अंतरावरूनही न दिसणारा. फुलात फुलाच्याच रंगाचा होऊन बसलेला. मुंगीसारखा चालणारा, पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवत मुंग्यांच्या रांगेत घुसणारा लबाड. आणि बोरीच्या काट्यांत मळक्या फडक्याच्या बोळ्यासारखं घरटं करून एकाच छपराखाली शेकड्यांनी राहणारे. ते पाहिल्यावर मी म्हणाले, "बाई, हे आमच्या कोप्यांसारखं आहे. कारखान्यावर अशाच दाटीनं असतात." पाचटाच्या झोपड्यांना आम्ही कोप्या म्हणतो. बाईंना तो शब्द इतका आवडला की त्यांनी तेव्हापासून त्या घरट्यांना दुसरं नाव दिलंच नाही. "आज कोप्या बघून येऊ," म्हणायच्या. मी कधी मायच्या आठवणीनं गप्प असले की हटकून कोप्यांकडंच न्यायच्या. समजावणं वगैरे त्यांना जमत नसे. शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "बघ, सगळे मिळून एक टोळ ओढतायत," आणि माझ्या हातावर चार फुटाणे ठेवायच्या.

उन्हात बारीक जाळी दिसत नाहीत. म्हणून बाई पातळ फडक्यात ज्वारीचं पीठ बांधून न्यायच्या आणि जाळ्यावर हळूच पुरचुंडी आपटायच्या. पीठ उडायचं आणि हवेत एकदम अख्खं जाळं उभं राहायचं, एकेक धागा मोजता येईल असं. त्याचा फोटो घ्यायचा, माप घ्यायचं. त्या पिठानंच घात केला.

कुणीतरी रानातल्या पांढऱ्या झुडपांचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. त्याच आठवड्यात तात्याची गाय गाभडली, वासरू पोटातच गेलं. आम्ही दुपारी खाली उतरलो तर पाण्याच्या टाकीजवळ माणसं जमलेली, आणि पुढं आमचा तात्याच.

"बाई, थांबा जरा."

"काय रे?"

"पिशवीत काय हाय?"

"कोळी."

"आन् डोंगरात पीठ टाकायलात, ते कावून?"

"जाळं दिसावं म्हणून."

मागून एकजण म्हणाला, "जाळं कुनासाठी टाकायलात, ते इचार की तात्या."

मी पुढं झाले. "तात्या, माझ्या बाई हायत त्या. अभ्यास हाय आमचा."

"तू गप. तुला काय कळतंय. एकली बाई, ना लेकरू ना बाळ, काचंच्या बाटल्या घेऊन डोंगरात फिरती. माझी गाय उगंच गाभडली व्हय?"

बाईंना प्रश्न समजलाच नसावा असं मला वाटलं. तेवढ्यात एका पोरगेल्या माणसानं त्यांच्या खांद्यावरची पिशवी हिसकली. बाटल्या सिमेंटच्या रस्त्यावर घरंगळल्या आणि एक फुटली.

"हलू नका कुणी!" बाई अशा ओरडल्या की सगळे जागच्या जागी थिजले. "पाय उचलायचा नाही!"

आणि त्या गुडघ्यांवर बसल्या, साडी धुळीत. काचांच्या जवळ तोंड नेऊन बोलायला लागल्या, "अहो, घाबरू नका. अहो, इकडं नाही, तिकडं काच आहे..." जमावातलं कुणी हसलं, कुणी घाबरून मागं सरकलं. माझं रडू फुटायच्या बेतात होतं.

काकू टाकीवर पाणी भरत होती. ती कळशी ठेवून आली, माणसांतून वाट काढत आत शिरली आणि वाकली.

"अगं माय! हिच्या पाठीवर काय हाय?"

"लेकरं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "जाळं न करणारी आहे ही. पिलं पाठीवर घेऊन हिंडते."

"येवडी?"

"काही पडली आत्ता. थांब, येतील परत."

काकू उकिडवी बसली. करड्या रंगाची ती कोळीण रस्त्याच्या मधोमध दबून थांबली होती, आणि तिळाएवढी पिलं धुळीतून धावत येऊन तिच्या पायांवरून वर चढत होती. एक चढलं, त्याच्यामागं दुसरं. आणखी दोन-तीन बाया येऊन बसल्या. एवढ्यात दुधाच्या कॅना लटकवलेली मोटरसायकल हॉर्न वाजवत आली. काकूनं न उठताच हात वर केला.

"थांब बे! लेकुरवाळी हाय. जाऊ दे तिला."

दूधवाला थांबला. ती निघाली, सगळं लेंढार पाठीवर घेऊन, सावकाश, रस्ता ओलांडून गवतात गेली. तोवर अख्खा जमाव उभा होता. मग काकू उठली, पदरानं तोंड पुसलं आणि तात्याकडं वळली.

"गाईला चार दिस ताप व्हता. म्या सांगत व्हते डाक्टर आना. तो काय बाईनं आनला?"

तात्या मान फिरवून गेला. बाकीचेही पांगले. पण गोष्ट तिथं मिटली असं नाही. पुढं कितीतरी दिवस काही बाया आमच्या वाटेवरून लेकरं बाजूला ओढून घ्यायच्या. "कोळीणबाई" हे नाव त्या दिवशी पडलं ते कायमचं. एक मात्र झालं. पुढच्या वेळी आम्ही डोंगर चढायला लागलो तर काकू पायवाटेवर भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. "म्या बी येते," म्हणाली. "मला बगायचंय."

त्यानंतर आम्ही तिघी. दुपारी सीताफळाच्या सावलीत ठेचा-भाकरी खायची. बाईंना ठेचा सोसायचा नाही, डोळ्यांतून पाणी यायचं, पण सोडायच्या नाहीत. काकू हसून हसून पडायची. काकूला इतकी हसताना मी घरात कधी पाहिलं नव्हतं. मला आज कुणी विचारलं की सुखाचे दिवस कोणते, तर मी ते दिवस सांगेन. तेव्हा ते नुसते दिवसच वाटत होते.

मोजणी संपत आली होती त्या वर्षी, होळीच्या आधी, रान जळालं.

डोंगरावर नवं गवत चांगलं यावं म्हणून माणसं जुनं पेटवतात. आमच्याकडं सगळेच पेटवायचे, तात्याही. त्या दिवशी वारं फिरलं आणि आग गवत सोडून रानात शिरली. मी केजला होते. बाईंच्या स्कूटीवरून आम्ही पोहोचलो तेव्हा उत्तर अंग काळं होतं. चिंध्या गेल्या, सुतळ्या गेल्या, कोप्यांच्या जागी काळे काटे राहिले. जमीन बुटांतून गरम लागत होती. मी मोठ्यानं रडायला लागले.

तात्या खाली लांब उभा होता. बाईंनी त्याला हात करून बोलावलं. तो मान खाली घालून आला.

"वरून लावली की खालून?"

"आं?"

"आग रे. वरून की खालून?"

"खालून... दरसाल लावतो बाई, आसं कदी झालं न्हाई. आवंदा वारंच फिरलं."

"वारं कुठून कुठं फिरलं, ते दाखव बरं."

तात्या हातानं दिशा दाखवत राहिला आणि बाई विचारत राहिल्या. आग कुठं रेंगाळली, कुठं भरकन गेली. रागाचा एक शब्द नाही. मला त्यांचाच संताप आला. "बाई, तुम्ही त्यांना काहीच बोलणार नाही?"

"बोलू की," त्या म्हणाल्या. "पण आत्ता तो खरं सांगतोय, ते आधी ऐकून घेऊ दे." मग राखेकडं बघत म्हणाल्या, "दगडाखाली काही वाचले असतील. बाकी सगळं नव्यानं. आता इथं पहिलं कोण येतं, ते बघायचं."

परतताना वाटेत त्यांनी स्कूटी थांबवली, मला धरायला सांगितली आणि रस्त्याकडेच्या बाभळीमागं गेल्या. तिथं बराच वेळ पाठ करून उभ्या होत्या. मला फक्त खांदे दिसत होते. आल्या, म्हणाल्या, "चल," आणि स्कूटी सुरू केली.

दर आठवड्याला आम्ही त्या राखेत जाऊन बसायचो. कित्येक खेपा काहीच नाही. मग एका सकाळी जळक्या खोडाच्या टोकाशी एकच धागा चकाकला, आणि त्याला लोंबकळणारा मोहरीएवढा जीव.

"कुठून आला हो हा?" मी विचारलं.

"उडत. धागा वाऱ्यावर सोडायचा आणि निघायचं. कुठं उतरू ते ठाऊक नसतं." बाई खोडाशी वाकल्या. "अहो, या," त्या त्याला म्हणाल्या. "या, बसा."

त्या दिवशी त्यांनी केजहून जिलबी आणून गावात वाटली. लोक विचारायचे, "काय झालं बाई?" त्या सांगायच्या, "कोळी आला." गाव हसलं, पण जिलबी सगळ्यांनी खाल्ली. तात्यानंही. पुढच्या हिवाळ्यात त्यानं गवत आणि रान यांच्यामधली लांब पट्टी कुदळीनं खरवडून साफ केली, आग ओलांडू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. तो त्याबद्दल कधी बोललाही नाही.

त्या सुमारास बाईंना एक नवी सवय लागली. छत्रीत काही पडलं की त्या म्हणायच्या, "तू सांग. मी ऐकते." रंग सांग, पाय सांग, डोळे कसे बसलेत ते सांग. मला वाटायचं, माझी परीक्षा घेतायत. मी फुशारून बारीकसारीक सांगायचे आणि त्या नाव सांगायच्या.

एकदा धावड्याच्या बेचक्यात वाळलेलं पान अडकलं होतं. बाईंना पलीकडची फांदी हवी होती. त्या पानाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, जरा सरकता का?"

त्या वाट बघत होत्या. मी पानाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. वाऱ्यानं पान किंचित हललं.

"सरकले, बाई," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढं केला, पान बोटांत धरलं, चुरगळून पाहिलं.

"खोटं सांगू नको," त्या हळूच म्हणाल्या. "मोजणीत चालत नाही."

काचबिंदू होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. कडेचं सगळं गेलेलं, मधलं तेवढं राहिलेलं, तेही धुक्यातून. आणि त्या मला मागं बसवून स्कूटी चालवत होत्या! मी तसं म्हणाले. "म्हणून तर तुला पुढं बघायला सांगत होते," त्या म्हणाल्या. खरंच, स्कूटीवर त्या मला सारख्या विचारायच्या, "समोर काय आहे गं?"

मोजणी आम्ही पुरी केली. यादी छापून आली, चार जणांनी वाचली असेल. त्यामुळे रानाला कुणी कुंपण घातलं नाही की पाटी लावली नाही. बाई निवृत्त झाल्या. पुण्याची भाची येऊन त्यांना घेऊन गेली. मला घाटनांदूरच्या शाळेत नोकरी लागली. लग्नही झालं, माझ्या पसंतीनं, तोडीला न जाणाऱ्याशी. बाईंनी फोनवर विचारलं, "त्याला कोळ्यांची भीती वाटते का?" मी म्हणाले, थोडी. "मग चांगला आहे. खरं सांगतो."

भाचीचा फ्लॅट पार वरच्या मजल्यावर होता, चकचकीत. मी भेटायला गेले तेव्हा बाई खिडकीशी बसल्या होत्या. "इथं दर महिन्याला एक मुलगा येऊन औषध फवारून जातो," त्या म्हणाल्या. "सभ्य मुलगा आहे. त्याला कसं सांगणार?" मग माझा हात धरला. "मला एकदा उत्तर अंगाला ने गं."

भाचीची समजूत घालायला वर्ष गेलं. शेवटी ऑक्टोबरात मी त्यांना एस.टी.नं घेऊन आले. डोंगर चढताना तात्या पुढं काटे तोडत, काकू बाईंचा हात धरून, मी मागं. काकू सगळा वेळ बोलत होती. "हितं दगड हाय. हितं गवत. आता वाका, बोर हाय." रान पुन्हा दाटलं होतं. सीताफळं लागली होती. सालईच्या बुंध्याशी बाईंना बसवलं. त्यांनी सालीचे कागदासारखे पापुद्रे हातानं चाचपले आणि बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

काकू सीताफळाची पानं उलटून बघत होती. एकदम थांबली.

"बाई, ह्यो कोन हाय?"

"सांग," बाई म्हणाल्या.

"पोट करंजीवानी. कडंला तशीच मुरड घातलेली. रंग पिकल्या जांभळाचा. फुडले दोन पाय लांब, बाकीचे आखूड. जाळं न्हाई, एकाच धाग्यावर बसलाय."

मी धावत जाऊन बघितलं. मीही तो कधी पाहिला नव्हता. मी डोळ्यांची मांडणी सांगितली. बाईंचा चेहरा वर झाला. त्या ओठांत पुटपुटत राहिल्या, एकेक घराणं आठवून बाजूला ठेवत. मग हसायला लागल्या, अगदी मनापासून.

"मला नाही माहीत!" त्या म्हणाल्या. "अगं, मला माहीत नाही हा कोण ते!"

मी पिशवीतून बाटली काढली. नवा असेल तर नमुना लागतो. त्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. बुचाचा आवाज त्यांनी ऐकला.

"नको," म्हणाल्या. "राहू दे त्यांना."

"पण बाई, नोंद..."

"तू आहेस ना. पुन्हा भेटतील तुला. आज राहू दे."

मी बाटली परत ठेवली. आम्ही तिथंच जेवलो. काकूनं ठेचा आणला होता, बाईंनी मागून घेतला. उतरताना त्या दोनदा थांबल्या आणि मागं वळल्या, दिसत असल्यासारखं.

पुढच्या उन्हाळ्यात भाचीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. बाई गेल्याचं तिनं सगळं उरकल्यावरच कळवलं होतं. मी फोन ठेवला आणि उरलेला तास शिकवला. काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी काकूला सांगितलं. ती फोनवर नुसती "व्हय, व्हय" म्हणत राहिली.

त्यानंतर दर ऑक्टोबरात मी सुट्टी काढून गावाला जाते. काकू आणि मी वर जातो, त्या सीताफळाशी, आणि मग सगळं उत्तर अंग फिरतो. जांभळ्या करंजीसारखा तो पुन्हा कुठंही भेटलेला नाही. मला तो स्वप्नात दिसतो. जागेपणी नाही.

यंदाही गेलो. काकूचे गुडघे आता धरतात, पण ती ऐकत नाही. एका झाडाशी थांबून तिनं मला हाक मारली.

"ह्यो हाय का गं?"

मी भिंग लावून बघितलं. "नाही काकू. हा नेहमीचा."

"नीट बग की."

मी पुन्हा बघितलं. "न्हाई गं."

काकूनं पान हळूच सोडलं. "बाई आसत्या तर..." ती म्हणाली, आणि तिनं पलीकडची फांदी खाली ओढली.